अंकुशनगरच्या वाटेवर उलटा वारा

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते आणि उरलीसुरली होळीत जळते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. या दोन सणांमध्ये जेमतेम पंधरवड्याचे अंतर असते. पळस पेटू लागलेला असतो, आंब्याला मोहोर आलेला असतो, कडुनिंबाची पाने गळू लागलेली असतात. दुपारचे ऊन अंगाला टोचते. ऊबदार कपडे पेटीत ठेवण्याची तयारी घराघरांत सुरू झालेली असते. आणि एखाद्या वर्षी नेमकी याच वेळी थंडी अर्ध्या वाटेवरून परत फिरते. उत्तरेत हिमालयाच्या बाजूने एखादा पश्चिमी झंझावात सरकून गेला, की त्याच्या मागून कोरडे, गार वारे मध्य भारत ओलांडून मराठवाड्याच्या पठारावर उतरतात. पहाटेचा पारा पुन्हा १०-१२ अंशांकडे झुकतो. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला याची फारशी कल्पना येत नाही. सायकलस्वाराला मात्र पहिल्या शंभर पावलांतच कळते, की आजची सकाळ वेगळी आहे.

अशा सकाळी सायकलने पाहण्यासारखा एक टापू जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. गोदावरीच्या काठावरील शहागडपासून निघावे, सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाने महाकाळा गावाजवळचे अंकुशनगर गाठावे, पुढे वडीगोद्रीला महामार्ग सोडून उत्तरेकडे वळावे आणि अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीपाशी थांबावे. तीस-चाळीस किलोमीटरांचा हा पट्टा मोटारीने तासाभरात सरतो आणि विसरलाही जातो. सायकलने त्याला अर्धा दिवस लागतो. नदी, साखर कारखाना, कालवा आणि कोरडवाहू माळ ही चार स्थळे या वाटेवर एकामागून एक येतात. या भागाची सुखदुःखे समजून घ्यायची, तर ती याच क्रमाने पाहणे बरे.

वाऱ्याचा विचार करूनच ही दिशा निवडलेली आहे. जुन्या सायकलस्वारांचा एक दंडक असे: जाताना वारा अंगावर घ्यावा, म्हणजे येताना तो पाठीशी राहतो. अंगात बळ असते तेव्हा खर्च करावा आणि दमल्यावर लाभ घ्यावा, हा हिशेब व्यापारी घरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. वाऱ्याचे गणित मोठे कडक असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवा स्थिर असताना ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला जेवढा विरोध होतो, त्याच्या चौपट विरोध समोरून १५ किलोमीटरचा वारा असताना तोच वेग राखणाऱ्याला होतो. म्हणून शहाणा मनुष्य अशा वेळी वेगाचा हट्ट सोडतो, हँडलवर किंचित झुकतो, मफलर कानांवर घट्ट ओढतो आणि संथ, एकसारखे पायडल मारत राहतो.

शहागडच्या पुलावर पहाटे वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. खाली गोदावरी. इकडची माणसे तिला गंगाच म्हणतात आणि तिच्या काठच्या सुपीक पट्ट्याला गंगथडी. पुलाच्या दक्षिणेला बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका, उत्तरेला जालना जिल्ह्याचा अंबड तालुका. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. पुढे अंबड औरंगाबाद जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाल्यावर ते जालन्यात आले. जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या, तरी या पुलावरून होणारी एक ये-जा मात्र वर्षानुवर्षे ठरलेली आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या अनेक दिशांना निघतात. त्यांतील काही हीच नदी ओलांडून उत्तरेला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात.

या वाटेवर सायकल ही काही नवी हौस नव्हे. मोटारसायकली घरोघरी येण्यापूर्वी आठवडी बाजार करणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे सायकल हेच वाहन होते. मागच्या कॅरिअरला कापडाचे गाठोडे किंवा किराण्याचे पोते, हँडलला पिशवी, पितळी डबा आणि खिशात उधारीची छोटी वही, अशा थाटात माणसे भल्या पहाटे बाजाराचे गाव गाठण्यासाठी निघत. स्वातंत्र्यानंतर सोनिपतची ॲटलास (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) यांच्या काळ्या, जड सायकली गावोगावी पोहोचल्या, त्या याच कामासाठी. त्यांतील ॲटलासचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. दुकानदाराची नजर त्या काळी संथ वेगाने घडत असे. कोणाच्या शेतात काय उभे आहे, कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी यंदा लग्न निघेल, हे त्याला रस्त्यावरूनच दिसे. उधारी किती द्यायची हे तो वहीत पाहून ठरवी, तसेच रानात पाहूनही ठरवी.

पूल मागे पडला, की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. उभा ऊस वाऱ्याला आडोसा देतो, म्हणून सायकलस्वाराला थोडा वेळ हायसे वाटते. तोडलेल्या फडापाशी आडोसा संपतो आणि गार झोत पुन्हा छातीवर येतो. हंगामाच्या अखेरच्या आठवड्यांत हा खेळ सारखा चालतो: एक फड उभा, एक फड रिकामा. रस्त्यावर पाचटाचे तुकडे उडत असतात. बैलांच्या टायरगाड्या घुंगरांचा आवाज करीत कडेने जातात. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर डुलत येतात आणि शेजारून जाताना हवेच्या धक्क्याने सायकल हातभर बाजूला सरकवतात. पहाटेच्या अंधारात यांतील ज्या वाहनांना मागे रिफ्लेक्टर नसतात, ती मागून येणाऱ्यासाठी फार धोक्याची. महामार्गाच्या कडेने पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींसोबत ज्यांनी चार पावले टाकली आहेत, त्यांना हे भय ठाऊक आहे. या रस्त्यावर सूर्य वर आल्याशिवाय सायकल काढू नये. काढलीच, तर मागे लाल दिवा आणि अंगात उजळ रंगाचे जाकीट असल्याशिवाय तर मुळीच नाही.

अंकुशनगर आधी नाकाला कळते. वाऱ्याची दिशा जुळली, की मळीचा आंबूस-गोड वास दूरवरून येतो. मग धुराडे दिसते आणि त्यानंतर वाहनांची रांग. हे गाव कारखान्याभोवती वसले. सहकार क्षेत्रातील नेते आणि १९९१ च्या निवडणुकीत जालन्यातून लोकसभेवर गेलेले अंकुशराव टोपे यांचे नाव गावालाही आहे आणि 'कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना' या पूर्ण नावाने कारखान्यालाही. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब शेजारच्या घनसावंगी तालुक्यात आहे. कारखान्याचा दुसरा विभाग त्याच तालुक्यात तीर्थपुरीला आहे. फाटकाबाहेर काट्यावर वजनासाठी थांबलेल्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, पंक्चर काढणारा, बैलांसाठी वाढ्याच्या पेंढ्या आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे, असा या वसाहतीचा हंगामी संसार आहे. आत गव्हाणीत मोळ्या पडत असतात. तोडलेला ऊस शक्यतो दिवसभरात गाळला पाहिजे, नाहीतर त्यातील साखर उतरू लागते. म्हणून येथे रात्र आणि दिवस असा भेद राहत नाही.

सायकलस्वाराला नकोसा वाटणारा गार वारा या फाटकाच्या आत मात्र हवासा असतो. रात्री थंड आणि दिवसा स्वच्छ ऊन असले, की उसाची वाढ मंदावते आणि कांडीत साखर साठते. उतारा त्यावर ठरतो, आणि उताऱ्यावर भाव. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये असा रास्त आणि किफायतशीर दर ठरवला आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढ दिली. टनाला हे ३३ रुपये २० पैसे होतात. ऊन लवकर तापले, तर हीच गोडी कमी होते आणि वजनही घटते. सायकलवाल्याची बोटे गोठवणारी सकाळ शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होत असते, ही गोष्ट चहाचा पेला दोन्ही हातांत धरून उभे राहिले की पटते.

याच थंडीचा तिसरा हिशेब कारखान्याच्या मागच्या माळावर आहे. तेथे कोप्या उभ्या असतात. बांबू, पाचट आणि जुने कापड यांचे हे खोपटे, ज्यात वारा चारही बाजूंनी शिरतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. पहाटे, दव असताना, ती दोघे फडात उतरतात. पानांची धार गार हातांना अधिक बोचते. सायकल थांबवून कोणी विचारपूस केली, तर शेकोटीपाशी बसलेली बाई सहज जागा करून देते. "बसा की दादा, हात शेका. लई गार वारं सुटलंय." "मावशी, गाव कोणतं?" "गंगेपल्याडचं. गेवराईकडचं." "पट्टा कधी पडणार?" "होळीला घरी जाऊ म्हणतोय मुकादम. बघू." तिच्या मांडीवरचे पोर शेकोटीकडे एकटक पाहत असते. शाळेच्या वयाची मुले मागे आजी-आजोबांकडे राहिलेली असतात. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. अलीकडे राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आणली. तरी फेब्रुवारीच्या पहाटे प्रत्येक तळावर काही मुले दिसतातच. दुकानात किलोने विकल्या जाणाऱ्या साखरेच्या भावात या पहाटेची किंमत कितीशी धरलेली आहे, हा प्रश्न शेकोटीवरून उठताना बरोबर येतो.

अंकुशनगरहून वडीगोद्रीकडे रस्ता हळूहळू चढतो. मोटारीला हा चढ कळत नाही, मात्र उलट्या वाऱ्यात सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना तो चांगलाच कळतो. वडीगोद्रीच्या परिसरात पैठणचा डावा कालवा आडवा येतो. पुलावर उभे राहून पाहिले, की या साऱ्या प्रदेशाचा नकाशा एका नजरेत उलगडतो. कालव्याचे पाणी उताराने वाहते. पंपाशिवाय ते आपल्यापेक्षा खालच्याच रानाला मिळू शकते. म्हणून कालव्यापासून गोदावरीपर्यंतच्या उतरत्या पट्ट्यात ऊस आहे आणि कालव्याच्या वरच्या अंगाला पाऊस आणि विहीर यांवरची शेती. रस्ता ही रेषा ओलांडतो आणि काही किलोमीटरांत रानाचा रंग बदलतो.

हे पाणी जायकवाडीचे. लालबहादूर शास्त्री यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पैठणच्या या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, एकूण साठा १०२ टीएमसींच्या वर. डावा कालवा २०८ किलोमीटरांचा, उजवा १३२ किलोमीटरांचा. अर्ध्या शतकापूर्वीच्या या कामामुळे गंगथडीला कारखाने, शाळा, बाजारपेठा आणि पक्की घरे आली. व्यापारी कुटुंबांच्या पेढ्याही त्याच पाण्यावर वाढल्या, हे विसरता येणार नाही.

आणि तरीही उभ्या पिकाकडे पाहताना मनात एक वजाबाकी होतेच. उसाला पूर्ण वाढीसाठी साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. या जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आसपास. उरलेले सारे धरणातून किंवा जमिनीच्या पोटातून आणावे लागते. धरण भरणे आपल्या आभाळावर कमी आणि नाशिक-नगरच्या वरच्या खोऱ्यातील पावसावर अधिक अवलंबून आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यावर आले, तेव्हा शेतीसाठीचे पाणी थांबले आणि माणसांच्या तहानेचा प्रश्न पुढे आला. त्यानंतर पाऊस चांगला झाला, सर्वांनी ऊस लावला आणि २०२१-२२ मध्ये उलटेच संकट उभे राहिले. मराठवाड्यात ऊस इतका झाला, की मे महिना उजाडला तरी फड उभेच होते. तोडीची वाट पाहून ऊस वाळू लागला. उशिरा गाळलेल्या उसाच्या उताऱ्यातील घटीसाठी सरकारला अनुदान द्यावे लागले. पुलापलीकडच्या गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने उभा ऊस पेटवून जीवन संपवल्याची बातमी त्याच मे महिन्यातली. पाणी नसले तरी हानी आणि पाणी असले तरी हानी, हे कोडे या कालव्याच्या काठावर अजून सुटलेले नाही. ठिबकाच्या नळ्या काही फडांत दिसतात आणि उसाला पर्याय म्हणून इतर पिकेही दिसतात. हाच त्या उत्तराचा आरंभ असावा.

कालवा ओलांडून अंबडच्या दिशेने वळले, की वारा मोकळा होतो. आता उसाचा आडोसा नाही. काळी भेगाळलेली जमीन, हरभऱ्याची काढणी, पिवळी पडत चाललेली रब्बी ज्वारी. मचाणावरून गोफण फिरवणारा राखणदार भोरड्यांच्या थव्यांशी झुंजत असतो. युरोप-मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे हे गुलाबी-काळे पक्षी वाऱ्याबरोबर चादरीसारखे उठतात आणि दुसऱ्या शेतात उतरतात. अधूनमधून मोसंबीची बाग लागते आणि वाऱ्यावर फुलांचा मंद वास येतो. हा आंबिया बहार. डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा आणि नंतर पाणी सोडून फूल आणायचे, ही येथील बागायतदारांची विद्या. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या आधीच्या दुष्काळात, २०१३ मध्ये, पाण्याअभावी याच जिल्ह्यातील कितीतरी बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षांची झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपण झाली.

वसंतातील गार वाऱ्याचे दुसरे रूप या माळाने पाहिलेले आहे. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली आणि मराठवाड्याला तिचा मोठा तडाखा बसला. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, गहू काळा पडला, फळे झोडपून निघाली, मुकी जनावरे आणि पक्षी मेले. तेव्हापासून या दिवसांत उत्तरेकडून गार झुळूक आली आणि आभाळाच्या कडेला ढग दिसला, की शेतकरी काम थांबवून क्षणभर वर पाहतो. सायकलस्वारालाही मान वर करून तसेच पाहावे लागते. दोघांनाही डोक्यावर छप्पर नसते.

अंबड जवळ येते तशी मत्स्योदरी देवीची टेकडी दिसू लागते. माशाच्या आकाराची म्हणून ती मत्स्योदरी. टेकडीच्या पायऱ्यांवर बसून दक्षिणेकडे पाहिले, तर आल्या वाटेची दिशा दिसते आणि वाटेवर पाहिलेले सारे आपापल्या जागी लागते: पाण्याची रेघ, तिच्या खालचा गोडवा आणि तिच्या वरची प्रतीक्षा. दुपारी ऊन चढते, मफलर कॅरिअरला बांधला जातो आणि परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीवर हात ठेवून सायकल ढकलू लागतो. सकाळी दोन तास घेणारे अंतर तासाभरात सरते.

ज्यांची दुकाने अंबड, शहागड, वडीगोद्री किंवा तीर्थपुरीच्या बाजारपेठेत आहेत, त्यांच्या घरातील तरुण मुलामुलींनी होळीपूर्वीच्या एखाद्या सकाळी ही फेरी करावी. सूर्योदयानंतर निघावे. पाणी जास्त घ्यावे, कारण गार वाऱ्यात तहान कळत नाही, पण घाम जातोच. कान आणि छाती झाकावी. उसाच्या वाहनांना वाट द्यावी. कोप्यांपाशी थांबलात, तर थोडा खाऊ, वह्या-पेन्सिली किंवा घरातील वापरता येण्याजोगे गरम कपडे बरोबर असावेत आणि ते देताना फोटो काढू नयेत. घरी परतल्यावर आजोबांना त्यांच्या काळातल्या बाजाराच्या वाटा विचाराव्यात. कोणत्या गावाला कोणत्या वारी जायचे, कोठे नदी उतरावी लागे, कोणाच्या ओसरीवर भाकरी सोडत, हे त्यांना अजून आठवते. आणि सांगणारी पिढी दरवर्षी थोडी कमी होत आहे.